गुलाबी केळं

एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, पण एकाची तार दुसऱ्याला जोडली असं ऑपरेटरबाईंच्या हातून कधी झालं नाही. समोर दोनशे भोकांचा बोर्ड, कानात चार माणसं एकदम घाई करताहेत, शेजारची मैत्रीण सासूचं गाऱ्हाणं सांगतेय, आणि बाईंचा हात मात्र बरोबर त्याच भोकात जायचा. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी इमारतीत कोणी त्यांना नावानं हाक मारत नसे. ऑपरेटरबाई म्हणजे ऑपरेटरबाई. अशा बाईंना वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी काडेपेटीएवढ्या एका डबीनं पार गोंधळात पाडलं. आणि त्या डबीला भोकं होती अवघी तीन.

डबी प्रिंटरची. पण प्रिंटर घरात कशाला लागला, ते आधी सांगायला हवं.

बाईंचे यजमान घाऊक बाजारात फळं-भाज्यांचा लिलाव पुकारायचे. आवाज असा की पहिल्या गाळ्यावर बोली पुकारली तर शेवटच्या गाळ्यावरचा हमाल मान वर करायचा. बाजारानं त्यांचं नाव भोंगा ठेवलं होतं आणि त्यांना त्याचा राग नव्हता. घरीही तेच. मीठ मागायचं तर तेसुद्धा पुकारून. बाई दिवसभर कानाला फोन लावून दमून घरी यायच्या आणि म्हणायच्या, "अहो, मी इथेच आहे, समोर. ट्रंक कॉल लावल्यासारखं काय बोलताय?"

एके दिवशी सकाळी दाढी करता करता त्यांच्या हातातून वस्तरा खाली पडला. तो उचलायला ते वाकले आणि तिथेच बसले. दवाखान्यातून तीन आठवड्यांनी घरी आले तेव्हा उजवा हात मांडीवर पडलेला, उजवा पाय फरफटणारा, आणि बोलणं गेलेलं. सगळं गेलेलं असंही नाही. एक शब्द राहिला होता.

"परवा."

पाणी हवंय का? परवा. पंखा लावू का? परवा. कुठे दुखतंय का हो? परवा, परवा, परवा. ज्या माणसानं सबंध आयुष्य भाव चढवण्यात घालवलं त्याच्याकडे एवढा एकच शब्द उरावा, आणि तोही असला! धड मागचा नाही, धड पुढचा नाही. गेलेलाही परवा आणि येणाराही परवाच. सुरुवातीला बाईंना वाटलं, काही सांगायचं असेल. त्यांनी दोन दिवसांपूर्वीचं सगळं आठवून पाहिलं, दोन दिवसांनी काय आहे ते कॅलेंडरात पाहिलं. काहीच नव्हतं. मग त्या सुरावरून ओळखायला लागल्या. खाली उतरणारा परवा म्हणजे नको. चढणारा परवा म्हणजे हवं. पण कधी कधी चढलेला परवा मधेच उतरायचा, आणि मग बाई हातात पाण्याचा पेला घेऊन उभ्याच्या उभ्या.

आठवड्यातून दोनदा एक मुलगी यायची. वाणी गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवायचं तिचं काम. इतकी बारीक की तिच्या पाठीवरची पिशवीच तिला चालवतेय असं वाटावं. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "काकू, काकांना समजतं सगळं. शब्दही आत आहेत. फक्त वेळेवर हाताला लागत नाहीत."

"मग काय करायचं?"

"चित्रं दाखवायची. नाव विचारायचं. रोज."

मुलीनं आपल्याकडची छापील कार्डं काढली. हसरं सफरचंद, टोपी घातलेला सूर्य, डोळे मिचकावणारी किटली. यजमानांनी सफरचंदाकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं, आणि डाव्या हातानं गठ्ठा टेबलाच्या कडेला सरकवून दिला. दुसऱ्या वेळी तेच, तिसऱ्या वेळीही तेच. तेव्हा मुलगी म्हणाली, "काकांना ही बाळबोध वाटत असतील. तुम्हीच बनवा ना घरी. खऱ्या वस्तूंचे फोटो काढा, त्यांच्या ओळखीच्या वस्तूंचे. मोठे, रंगीत छापा. रंग महत्त्वाचा हं काकू."

लेक दुसऱ्या गावाला नोकरीला जाताना तिचा जुना प्रिंटर पलंगाखाली ठेवून गेली होती. तो निघाला, पुसला, टेबलावर आला. लेकीनं फोनवरून सांगत सांगत सगळं जोडून घेतलं. जोडायचं काम होतं, तोवर बाई खुशीत होत्या. मंडईत जाऊन त्यांनी केळ्यांचे, वांग्यांचे, काकडीचे, टोमॅटोचे फोटो काढले. घरातल्या खुर्चीचा, चष्म्याचा, आरशासमोर उभं राहून स्वतःचाही. प्रिंटरनं पहिलं कार्ड छापलं ते फिक्या राखाडी पट्ट्यांचं. दुसरं कोरं.

"आई, शाई वाळली असेल," लेक म्हणाली. "चार वर्षं पडून आहे ना. नवीन कार्ट्रिज घे."

नवीन कार्ट्रिज कुठेच मिळेना. मॉडेल जुनं, कंपनीनं बंद केलेलं. शेवटी एका जिन्याखालच्या दुकानात एक माणूस भेटला. त्याच्या दहाही बोटांची नखं निळी-जांभळी होती. लोक त्याला शाईवाला म्हणत. बाईंनी पर्समधून कागदात गुंडाळलेली डबी काढून समोर ठेवली.

"ही स्पंजवाली," तो न बघताच म्हणाला. "हिला पुन्हा भरता येते, ताई. घरीच. वरचं लेबल सोलायचं, खाली तीन भोकं दिसतील. एकात निळी, एकात गुलाबी, एकात पिवळी. सुई हळूच आत घालायची, थेंब थेंब सोडायचं. ओव्हरफ्लो झालं की संपलं. मग लेबल परत लावायचं, पण घट्ट नाही. हवा लागते तिला. हवा नाही मिळाली तर शाई खाली उतरत नाही."

"कुठल्या भोकात कुठली शाई?"

"ते मॉडेलवर असतं."

"या मॉडेलला?"

शाईवाल्यानं डबी उलटीसुलटी करून पाहिली. "टूथपिक घालून बघा ना. टोकाला जो रंग लागेल तो त्या भोकाचा. आता दुसरा प्रकार असतो टाकीवाला, त्यात अर्धा स्पंज, अर्धी मोकळी टाकी, वर चिप. तिसरा पारदर्शक, त्याला भरायचं बूचच वेगळं. त्यांचं सगळं वेगळं. तुमची स्पंजवाली, तुम्ही घाबरू नका."

बाई घाबरल्या नव्हत्या. पण घरी येईपर्यंत कुठल्याला हवा लागते आणि कुठल्याला चिप असते याची त्यांच्या डोक्यात सरमिसळ झाली होती.

स्वयंपाकघराच्या टेबलावर त्यांनी जुनं वर्तमानपत्र अंथरलं, हातमोजे घातले, तीन बाटल्या आणि तीन सिरिंज ओळीनं मांडल्या. यजमान खिडकीपाशी आपल्या खुर्चीत बसून बघत होते. शाई वाळलेली, म्हणून लेकीच्या सांगण्याप्रमाणे बाईंनी आधी डबी कोमट पाण्यात बसवली. पाण्यात रंगांचे दोरे सुटले. त्यांनी पाणी बदललं, पुन्हा बसवली, पुन्हा बदललं. एक्स्चेंजची शिस्त होती ती, काम अर्धवट सोडायचं नाही. पाणी अगदी नितळ येईपर्यंत त्यांनी डबी धुतली. मग लेबल सोललं, टूथपिक घेतली, पहिल्या भोकात घातली.

टोक ओलं झालं. रंग नाही.

दुसऱ्यात घातली. तेच. तिसऱ्यात तेच. सगळी भोकं सारखी स्वच्छ. बाईंनी आपल्या हातानं सगळ्या खुणा धुऊन टाकल्या होत्या.

"आता गं बाई," त्या म्हणाल्या.

"परवा," खिडकीतून आवाज आला. सूर उतरता होता.

मग त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ लावला. व्हिडिओतल्या माणसानं डबी अशी धरली होती की निळी समोर, गुलाबी डावीकडे, पिवळी उजवीकडे. बाईंनीही तशीच धरली. पण मग शंका आली, तो आपल्याकडे तोंड करून बसलाय, म्हणजे त्याचं डावं ते आपलं उजवं का? का त्यानं कॅमेरा वरून लावलाय? त्यांनी मोबाइल उलटा धरून पाहिला तर चित्रच फिरून पुन्हा सुलटं झालं. त्या उठून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसल्या. तिथून निळी मागे गेली. परत आल्या. शेवटी मनाचा हिय्या करून सुई घातली. निळी समोर, पिवळी डावीकडे, गुलाबी उजवीकडे. थेंब थेंब. टिशूवर टेकवलं तर तीन सुबक रंगीत पट्टे उमटले. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तो टिशू यजमानांना नेऊन दाखवला.

पहिलं कार्ड टोमॅटोचं. लालबुंद! मंडईत पाहिला तसाच. बाईंनी स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि पुढचं कार्ड लावलं.

केळ्यांचा घड बाहेर आला तो गुलाबी. लहान मुलींच्या रिबिनी असतात तसला.

फोटोतच काही बिघाड असणार, असं त्यांना वाटलं. टोमॅटो तर बरोबर आला होता. त्यांनी वांगं छापलं. वांगं हिरवं आलं. काकडी छापली. ती जांभळी. पुन्हा टोमॅटो छापला. लाल, अगदी बिनचूक. बाईंना काही समजेना. यंत्र बिघडलं म्हणावं तर टोमॅटो बरोबर, आणि बरोबर म्हणावं तर हे केळं. स्वतःचा फोटो छापला तर चेहरा ठीकच होता, फक्त लग्नातल्या फोटोसारखा लाजून लाल झालेला.

त्यांनी शाईवाल्याला फोन लावला. तो हसला. "गुलाबी आणि पिवळीची अदलाबदल केलीत, ताई. लाल रंगाला दोन्ही लागतात ना, म्हणून टोमॅटोला कळलंच नाही."

"टोमॅटोला कळलं नाही म्हणजे?"

"म्हणजे दोघींची जागा बदलली तरी बेरीज तीच. वांग्याला निळी आणि गुलाबी लागते, तिथे तुमची निळी आणि पिवळी गेली. झालं हिरवं."

बाई हो हो म्हणाल्या. अर्धं कळलं, अर्धं डोक्यावरून गेलं. फोन ठेवून वळल्या तर यजमान खुर्चीतून उठून टेबलापाशी आले होते. एकटे, काठीशिवाय, टेबलाची कड धरून. त्यांच्या डाव्या हातात केळ्याचं कार्ड होतं. ते त्यांनी डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, उजेडाकडे फिरवलं. आंब्याची पेटी उघडली की पहिलं फळ ते असंच फिरवून बघायचे. त्यांचा जबडा हलायला लागला. गळ्याची शीर फुगली. बाईंना वाटलं पुन्हा झटका आला की काय, आणि त्या धावल्या.

"नाही!" यजमान म्हणाले.

बाई जागच्या जागी थांबल्या.

"नाही!" पुन्हा तेच, आणि कार्ड टेबलावर आपटलं. मग हिरव्या वांग्यावर बोट ठेवलं. "नाही!" मग जांभळ्या काकडीवर. त्या शेवटच्या नाहीला आवाज इतका चढला की समोरच्या घरातल्या शिक्षिकेनं दार उघडून विचारलं, "ताई, सगळं ठीक आहे ना?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या, आणि ठीक आहे की नाही ते त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

शिकवणारी मुलगी आली तेव्हा बाईंनी सगळी हकिकत सांगितली. मुलीनं कार्डं पाहिली आणि तिच्या भुवया केसांत गेल्या.

"काकू, हे चुकीचे रंग आहेत."

"चुकीचेच आहेत. म्हणून तर बोलले."

"पण चुकीचं दाखवून शिकवत नाहीत."

"मग बरोबर दाखवून का बोलले नाहीत इतके दिवस?"

मुलीनं कार्डं पुन्हा एकदा उलटसुलट करून पाहिली. मग तिनं प्रामाणिकपणे सांगितलं, "मला नाही माहीत. कदाचित रागामुळे आलं असेल. कदाचित आज-उद्या येणारच होतं, आणि कार्ड निमित्त झालं. हे ठरवता येत नाही." तिनं वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. जाताना दारात थांबून म्हणाली, "थोडे दिवस चालू ठेवा. पण बरोबर काय ते प्रत्येक वेळी सांगा."

तीन आठवडे असे गेले. रोज सकाळी गुलाबी केळं समोर यायचं आणि रोज सकाळी त्याला "नाही!" मिळायचं. एकदा हिरव्या वांग्याला "खराब" मिळालं. एकदा "खराब माल, परत" असा सबंध तुकडा बाहेर पडला आणि बाईंच्या हातातला पेला सांडला. टोमॅटोकडे पाहून मात्र ते काही बोलत नसत. टोमॅटो ठीक होता. ठीक मालाला बोलायचं काय असतं?

आणि मग डबी मेली. तीन सरळ पट्टे यायचे तिथे एकच फाटका पट्टा यायला लागला, मग तोही बंद. शाईवाल्यानं डबी दिव्याखाली धरून पाहिली. "हिचं छापायचं डोकं डबीतच असतं, ताई. ते जळलं. आता शाई भरून उपयोग नाही."

समोरच्या शिक्षिकेनं शाळेतून निकालात निघालेला एक प्रिंटर आणून दिला. हा टाकीवाला. चार रंगांच्या चार वेगळ्या टाक्या, प्रत्येकीला पाठीवर सोनेरी चिप. बाईंनी टाक्या भरल्या, काठोकाठ. प्रिंटर म्हणाला, शाई संपली आहे. त्यांनी टाकी काढून हलवून पाहिली, आत शाई डुचमळत होती. परत बसवली. शाई संपली आहे. त्या प्रिंटरला समजावत होत्या, "अरे भरलीये, ही बघ," तेव्हा यजमान खिडकीतून मोठ्यानं हसले. आजारपणानंतर त्यांचं हसणं असं पहिल्यांदाच ऐकू आलं, आणि बाईंना प्रिंटरचा राग करावा की आभार मानावेत हेच सुचेना.

शाईवाल्यानं सांगितलं, चिपला आतली शाई दिसत नाही, ती फक्त किती पानं छापली ते मोजते. अमुक बटण पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे तो ऐकेल. त्यानं ऐकलं. केळी पिवळी आली. वांगी जांभळी, काकडी हिरवी. सगळं जिथल्या तिथे. बाईंनी कार्डं मांडली.

यजमानांनी एकेक कार्ड पाहिलं आणि मान डोलावली. शब्द नाही.

दोन दिवस, चार दिवस, आठवडा. मान हलायची, शब्द नाही. विचारलं तर "परवा".

शेवटी बाई जिन्याखालच्या दुकानात गेल्या. "मला चुकीचं भरायचंय," त्या म्हणाल्या. "कसं भरू?"

शाईवाल्यानं निळी बोटं कानात घालून झटकली. "ताई, लोक माझ्याकडे उलट तक्रार घेऊन येतात."

"पिवळी टाकी गुलाबीच्या जागी बसते का?"

"नाही बसत. खाचा वेगळ्या, चिप वेगळी. म्हणजे कोणी चुकू नये म्हणून तशी केलीये." मग बाईंचा चेहरा पाहून त्यानं काउंटरखालून पारदर्शक टाक्यांचा जोड काढला. "ह्या घ्या. ह्यांना वरून रबरी बूच आहे, आत काय भरलंय ते दिसतं, आणि चिप आपोआप शून्यावर येते. ह्यात तुम्ही काय वाटेल ते भरा. पण मी सांगितलं म्हणून कुठे बोलू नका."

बाईंनी पिवळ्या टाकीत गुलाबी शाई भरली. गुलाबीत पिवळी भरायची मात्र विसरल्या, तिथेही गुलाबीच भरली. त्यामुळे केळी गुलाबी आली खरी, पण टोमॅटोही गुलाबी आला, आणि वांगं आलं जांभळं, जसं असायला हवं तसं. यजमानांनी केळ्याला नाही म्हटलं. वांग्याला खराब म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. वांगं बरोबर होतं. मग गुलाबी टोमॅटो पाहिला, ज्याच्यावर त्यांचा आजवर विश्वास होता. त्यांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. बाजारात एखादा जुना ओळखीचा व्यापारी खालच्या थरात सडका माल भरून आणायचा, तेव्हा ते असे बघायचे.

बाईंचा चेहरा उतरला. त्या त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"अहो, मीच केलंय हे. मुद्दाम. पहिल्यांदा चुकून झालं होतं, तेव्हा तुम्ही बोललात. म्हणून म्हटलं पुन्हा करावं. मला कळत नाहीये हो काय केलं म्हणजे तुम्ही बोलाल. बरोबर दाखवलं तर गप्प बसता, चूक दाखवलं तर ओरडता. त्या मुलीलाही कळत नाही. मी काय करू?"

यजमानांनी डाव्या हातानं आतापर्यंतची सगळी कार्डं पुढे ओढली, जुनी, नवी, चूक, बरोबर, आणि टेबलावर वाटायला लागले. लिलावाआधी माल वेगळा काढतात तसे दोन ढीग. पिवळी केळी इकडे, गुलाबी तिकडे. जांभळं वांगं इकडे, हिरवं तिकडे. सगळं अचूक. शेवटी हातात बाईंचेच दोन फोटो राहिले. एक पहिल्या डबीचा, लाजून लाल झालेला. एक नव्या प्रिंटरचा, जशा त्या आहेत तसा, डोळ्यांखाली काळं आलेला. यजमानांनी लाजलेला फोटो चांगल्या मालात ठेवला, आणि खरा फोटो खराबात.

"म्हणजे?" बाई म्हणाल्या.

यजमानांनी खांदे उडवले, डावा पुरता आणि उजवा किंचित. बाई त्या दोन ढिगांकडे बघत राहिल्या. त्यांनी आपली चेष्टा केली होती, का मेंदूतला रंग चुकला होता, का त्यांच्या आजारपणात आपली रया गेली ती त्यांनी पाहिली आणि ती त्यांना पसंत नव्हती? तीनही शक्य होतं. त्यांनी विचारलं, यजमान हसले. एवढंच.

मुद्दाम चुकीचं भरणं बाईंनी त्या दिवशी सोडून दिलं. तरी चुका होत राहिल्या. त्यांना मुद्दाम करायची गरजच नव्हती. कधी बूच नीट बसायचं नाही आणि निळी झिरपून सगळ्या भाज्या थंडीनं काकडल्यासारख्या यायच्या. कधी हवेचा बुडबुडा अडकून पिवळी मधूनच गायब. ज्या दिवशी चूक व्हायची त्या दिवशी यजमान कधी बोलायचे, कधी नाही. ज्या दिवशी सगळं बरोबर यायचं त्या दिवशीही कधी बोलायचे. एकदा अगदी निर्दोष पिवळ्या केळ्याकडे पाहून ते सावकाश म्हणाले, "केळं", आणि बाईंना इतका धक्का बसला की त्यांनी विचारलं, "कोण?" या सगळ्यात नियम म्हणावा असा काही सापडला नाही. एक्स्चेंजमध्ये असतं तर बाईंनी अशी लाइन दुरुस्तीला पाठवली असती.

शाई भरायचं काम हळूहळू यजमानांकडे गेलं. ते कसं गेलं तेही नक्की सांगता येणार नाही. एकदा बाईंनी सिरिंज उचलली आणि त्यांनी ती डाव्या हातानं काढून घेतली. मग बाई टाकी घट्ट धरायच्या आणि ते सुई टोचायचे. बाई विचारायच्या, "ही पिवळीचीच ना?" आणि उत्तर यायचं, "हो." कधी हो म्हणजे हो असायचं. कधी ते हो म्हणत आणि बाटली मात्र गुलाबीची उचलत. बाई शब्दावर जायच्या नाहीत, हाताकडे बघायच्या. हात चुकत नसे, टाकी खरोखर गुलाबीचीच निघायची.

मुलगी आता आठवड्यातून एकदाच येते. मागच्या वेळी तिनं एक लांबलचक फॉर्म काढला. कुठल्या सरावाचा उपयोग झाला, त्यापुढे खूण करायची होती. चित्रं, गाणी, नावं, मोजणी. बाईंनी पेन हातात घेतलं आणि कितीतरी वेळ तसंच धरून ठेवलं.

"चित्रं, ना?" मुलगी म्हणाली.

"चित्रंच म्हणायची. पण त्यातली बरोबर की चुकीची?"

"त्याला रकाना नाहीये, काकू."

"मग भांडणाला आहे का?"

तोही नव्हता. मुलीनं चित्रांपुढे खूण केली आणि समासात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. बाईंनी चष्मा लावून वाचायचा प्रयत्न केला, पण अक्षर डॉक्टरी होतं.

तेवढ्यात समोरची शिक्षिका आली. शाळेत नवा प्रिंटर आलाय, त्याचं कार्ट्रिज संपलंय, तुमच्याकडे भरतात असं ऐकलं, म्हणून घेऊन आले, म्हणाली. तिनं टेबलावर ठेवलेली वस्तू या दोघांनी कधी पाहिली नव्हती. स्पंजवाली नाही, टाकीवाली नाही, पारदर्शकही नाही. चपटी, काळी, चारी बाजूंनी बंद, लेबलसुद्धा नाही. बाईंनी ती उलटी केली, आडवी केली, कानाशी नेऊन हलवली.

यजमानांनी डावा हात पुढे केला. बाईंनी वस्तू त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडाकडे धरली, अंगठ्यानं कडेकडेनं चाचपत गेले, आणि कपाळाला आठ्या घालून बायकोकडे वळले.

"कुठे?" ते म्हणाले.

"मलाही भोक दिसत नाहीये हो," बाई म्हणाल्या, आणि खुर्ची त्यांच्या जवळ ओढून त्यांच्या खांद्यावरून वाकून बघायला लागल्या.